नाव न ठेवलेल्या बाळांची यादी

बाबा, आज कामावर एका प्रोग्रामची सेटिंगची फाइल उघडून बसले होते. एकेक ओळ वाचत होते आणि मध्येच तुमचा आवाज ऐकू आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज तसाच आहे, जरा बसलेला.

पांढुर्ण्याचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. आई सकाळच्या शाळेत शिकवायला गेलेली, म्हणून पोळ्या तुम्ही करताय. वाफेनं चष्मा धूसर झालाय, तो तुम्ही पुसत नाही, अंदाजानंच पोळी उलटता. मग आपण दोघं बसनं सौंसरला निघतो. खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे मागे सरकत राहतात, फुलांचा वास आत येतो, आणि तुम्ही डोळे मिटून असे बसता की झोपलात की माझं बोलणं ऐकताय ते कळत नाही.

तिथं एका संस्थेच्या लहानशा दवाखान्यात तुम्ही कारकून होता. आसपासच्या गावांत जन्मलेल्या बाळांची नोंद तुमच्या रजिस्टरात असायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं कॉम्प्युटर आला, आणि नागपूरला सहा महिने शिकून आलेली मी त्यावर बसले. तुमचं रजिस्टर मी मशीनमध्ये भरायचे, आणि ज्या गावाला लस द्यायला गाडी निघायची त्या गावाची यादी त्या सकाळी छापून द्यायचे. त्यासाठी काळ्या पडद्यावर लांबलचक हुकूम टाइप करावा लागे: गाव कोणतं, रकाने किती रुंद, कोणत्या क्रमानं. एक अक्षर चुकलं की प्रिंटर वेडावाकडा कागद ओकायचा. तुम्ही मला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून दिला होता. तो मांडीवर घेऊन मी मशीनचं पुस्तक वाचलं, आणि त्यात सापडलं की हे सगळं एका फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवता येतं. प्रोग्राम आधी ती फाइल वाचतो. एखाद्या दिवशी वेगळं हवं असेल तर तेवढंच टाइप करायचं, मग फाइलमधलं सोडून तो आपलं ऐकतो.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे रोजचं रोज सांगा लागत नाई त्याले. बरं हाये." त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर, बसमध्ये, तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, "माही पोरगी मशीन चालवते."

त्या फाइलमध्ये मी एक ओळ आणखी घातली. ज्या नोंदीत एखादा रकाना रिकामा असेल ती छापू नये. यादी नीटनेटकी दिसावी, एवढंच मनात होतं.

रामाकोन्याला गाडी जाऊन आली त्या दुपारी तुम्ही यादीची प्रत हातात घेऊन माझ्या टेबलाशी आलात. "रामाकोन्यात दोन महिन्यांत एकबी लेकरू झालं नाई का?"

मी रजिस्टर पाहिलं. सात बाळं होती. नोंद झाली तेव्हा बारसं झालं नव्हतं, म्हणून नावाचा रकाना रिकामाच राहिलेला. सगळ्यांत लहान, लस पहिल्यांदा लागणारी तीच, आणि माझ्या फाइलनं तीच गाळली होती. गाडीबरोबर गेलेल्या नर्सबाई म्हणाल्या, दोन बाया लेकरं घेऊन आल्या होत्या, यादीत नाही म्हणून परत पाठवलं.

"गावात लेकरं हायेत अन् तुह्या कागदावर नाईत," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नाही. मग विचारलंत, "हे असं कोनं करून ठेवलं?"

"मशीन बसवून गेले, त्याईनंच," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवली. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना आणि मला घेऊन रामाकोन्याला गेलात. हातानं लिहिलेली यादी, नावाच्या जागी आईचं नाव. तुम्ही दारात उभे राहून हाक देताय, "बाई, कालचं चुकलं आमचं, लेकरू आना," आणि उन्हात एकेक आई बाहेर येतेय, पदराखाली झोपलेलं बाळ. सहा झाली. सातव्या घराला कुलूप होतं. ती माणसं संत्र्याच्या तोडीवर दूर कुठंतरी गेली होती. तुम्ही नंतर तीनदा जाऊन आलात. ती त्या गावी परतली नाहीत.

मी ती ओळ त्याच आठवड्यात काढली. संस्थेला मात्र तुम्ही स्वतःच्या नावानं लिहून दिलं, "यादी न तपासता मी जाऊ दिली, चूक माझी."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तरी लिहिते. ती ओळ माझी होती, बाबा. तुम्ही रागवाल याची भीती नव्हती, नोकरी जाईल याचीही नव्हती. दुसऱ्या दिवशी टपरीवर तुम्ही माझ्याबद्दल काहीच बोलणार नाही, एवढीच भीती वाटली होती.