काळ्या रेघांची पट्टी मिरानच्या दंडावर

मी छे ओक्रान, वय एकाहत्तर, राहणार योंगजू, बाजारामागची गल्ली, निळ्या फाटकाचे घर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. खात्री हवी असेल तर शेजारच्या माल्जाला विचारा, कालच तिला पत्त्यांत हरवले. सोमवारी हृदयाची झडप बदलायला सेऊलला जायचे आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. नसते तर पुन्हा पुन्हा सांगितले नसते. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते, आधी वाळत घातलेल्या मिरच्या आत घ्यायला, मग उगाचच.

एक. हे घर आणि पोस्टातली ठेव माझी एकुलती एक मुलगी नाम मिरान (नाम हे तिच्या बापाचे आडनाव) हिला मिळावी. तिने लग्न केलेले नाही. ती चर्चा करायला माझ्या अंत्यविधीला कोणी येऊ नये. जेवून जावे.

दोन. बाजारात माझे तोंडीलावण्यांचे दुकान होते. त्यातल्या सुऱ्या, पराती आणि किमची मुरवायचा फ्रीज माल्जाला द्यावा. अंगणातले सोयाबीनच्या वाटणाचे रांजण मिरानला. माझ्या धाकट्या जावेला त्यातले चमचाभरही देऊ नये. पूर्वजांचे श्राद्ध असो की चुसोकचा सण, शेवटचे घावन तव्यावरून उतरले की ही फाटकात हजर. "अगंबाई, ताई, सगळं आटोपलं वाटतं! रस्त्यात काय गर्दी!" इतक्या वर्षांत ती गर्दी काही हटली नाही.

तीन. हे खरे कलम. बाकीची यासाठीच लिहिली.

माझे यजमान नाम ग्युसिक वारले तेव्हा मिरान काळा कोट घालून वडिलांच्या तसबिरीशेजारी उभी राहायला आली होती. मुख्य शोककर्त्याच्या दंडावर काळ्या रेघांची पट्टी बांधतात. आलेल्यांचा नमस्कार तो घेतो, शवपेटीमागे पहिला तो चालतो. शोकगृहातल्या माणसाने पट्टी हातात धरून विचारले, "घरात पुरुष कोण?"

"मुलगी आहे ना," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि माझ्या डोक्यावरून मागे पाहिले. धाकटे दीर छांगसिक यांनी आपल्या मुलाला, थेहोला, पुढे ढकलले. आजारपणात वडिलांच्या खाटेशेजारी जमिनीवर निजली मिरान, आणि पट्टी बांधली थेहोला. मिरानला केसांत पांढरी फीत लावून आत पाहुण्यांना रस्सा वाढायला पाठवले. तिने वाढला. तेव्हापासून ती चुसोकला बापाच्या थडग्यावर येत नाही. एकटीच कधीतरी मधल्या वारी जाऊन येते.

त्या हिवाळ्यात मी मालिका पाहायला लागले. शनिवारी-रविवारी लागायची. त्यातली बोंगहुई मोठ्या घराची सून, सगळ्यांना वाढून ओट्याशी उभ्याने जेवायची. सुरुवातीला मला ती अजिबात आवडली नाही, रडकी वाटली. मग एका भागात सासरा तिला म्हणतो, घरातली भानगड घरातच ठेवशील तर उद्यापासून आमच्याबरोबर टेबलाशी बस. मी पडद्याकडे पाहून म्हणाले, बस बाई, मिळतेय तर. ती म्हणाली, "तुम्ही दिलेली खुर्ची तुम्ही केव्हाही काढून घ्याल." मग स्वयंपाकघरातले स्टूल तिने स्वतः उचलून आणले, टेबलाशी ठेवले आणि भाताचा वाडगा घेऊन जेवायला लागली. ती शांतपणे जेवली. मी मात्र उठून घरभर फिरत राहिले. एवढा राग कोणाचा आला तेच कळेना.

मिरानला फोन केला. ती हसली. "आई, त्या बाईला असं बोलायचे पैसे मिळतात."

"मग मी फुकट बोलेन."

मालिकेने मला शिकवले ते एवढेच. आपली किंमत समोरचा ठरवील म्हणून थांबलो की तो ठरवतो, आणि कमीच ठरवतो. म्हणून लिहिते: माझ्या अंत्यविधीत काळ्या रेघांची पट्टी मिरानच्या दंडावर बांधावी.

चार. नाम घराण्याच्या थडग्यांची टेकडी यजमानांमागे माझ्या नावावर झाली आहे. ती मी थेहोला देते, मात्र पट्टी मिरानला बांधू दिली तरच.

वरचे वाक्य खोडले आहे. खोडलेल्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला आहे. नाहीतर ती दुरुस्ती धरत नाहीत, असे कायदा-मदत केंद्रातल्या मुलीने बजावले होते. का खोडले ते सांगते. लिहिले तेव्हा वाटले, जिंकले. मग चहा केला आणि लिहिलेले पुन्हा वाचले. टेकडी देऊन मी माझ्या पोरीसाठी जागा विकत घेत होते. म्हणजे ती जागा त्यांच्या मालकीची, हे मीच कबूल केल्यासारखे झाले.

पुन्हा चार. टेकडी मिरानला. कसलीही अट नाही. आणि पट्टीही मिरानला, कारण ती माझे मूल आहे.

एवढे लिहून होते तोच छांगसिक भावोजी आणि थेहो संत्र्यांची पेटी घेऊन भेटायला आले. माल्जाला मी साक्षीसाठी बोलावून बसवले होतेच. कायद्याला अशा कागदावर साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. मी कागद लपवला नाही. भावोजींनी चष्मा लावून वाचला.

"वहिनी, टेकडी घराण्याबाहेर घालवता?"

"बाहेर कुठे? मिरान काय शेजाऱ्यांची आहे?"

"पोरीच्या दंडावर पट्टी! लोक विचारतील, घरात पुरुष नव्हते का?"

"होते म्हणावं. ते आत रस्सा वाढतायत."

माल्जा फिसकन हसली. भावोजी ताडकन उठले. "टीव्ही बघून बघून डोकं फिरलंय तुमचं!"

"फिरलंच. बरीच वर्षं एकाच बाजूला होतं."

ते तणतणत बाहेर गेले. थेहो बसून राहिला. संत्रे सोलत होता, खात नव्हता.

"काकू, त्या दिवशी लोक मला वाकून नमस्कार करत होते आणि ताई आतून ताटं घेऊन येत होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही."

"मग आता बघशील?"

फाटकातून हाक आली, "थेहो, चल!"

"तुम्ही व्हा पुढे, बाबा," तो म्हणाला. त्याने माझ्या हातातला पेन मागितला. म्हटले, थांब, आधी माझे लिहून होऊ दे.

पाच. मिरान, हे फक्त तुला. काल हे सांगितले तर तू फोनवर ओरडलीस, "मला पट्टी नको, तू परत ये!" मी परत यायचीच खटपट करीन. मला भीती वाटते आहे आणि माझे तुझ्यावर फार प्रेम आहे, दोन्ही लिहून ठेवते. नाहीच आले तर तसबिरीशेजारी उभी राहून रड. कोणी म्हणाले, आत ये, पाहुण्यांचे बघ, तर जायचे नाही.

हे सर्व मी लिहिले, मी वाचले, ते माझेच आहे.

योंगजू, १९ ऑक्टोबर २०२३
छे ओक्रान (शिक्का)

साक्षीदार:
कू माल्जा, शेजारीण (शिक्का)
नाम थेहो, पुतण्या. शिक्का आणलेला नाही, अंगठा उठवतो. आणि माझ्या हाताने लिहितो: शवपेटीमागे मिरानताई पहिली चालेल, मी तिच्या मागे.