ज्याचं ओझं, त्याची वाट

सोमवार, १६ नोव्हेंबर १९६४

समोरून मोटार आली तर सायकलवाल्यानेच का उतरायचं? सातवीतल्या रुख्मिणीने भर वर्गात विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. नागरिकशास्त्राचा तास. धडा रस्त्यावरच्या वागणुकीचा. ‘डावीकडून चालावे’ एवढंच पुस्तकात आहे. आमच्या रस्त्याला डावी बाजू आहे कुठे! एका गाडीपुरती डांबराची पट्टी, दोन्हीकडे काळी माती. डांबराची कड वीतभर उंच. चाक तिथून खाली घसरलं की सायकल आडवी.

मी म्हटलं, “उद्या सांगते.” बी.ए. झाले, घरात पहिली, गावच्या आमच्या वस्तीत पहिली. आणि उद्या सांगते!

पाय दुखताहेत. येता-जाता मिळून किती वेळा उतरले आज, कोण जाणे.

बुधवार, १८ नोव्हेंबर

आजही उत्तर नाही. रुख्मिणीने पुन्हा विचारलं नाही, त्याचंच वाईट वाटलं.

सोमवार, २३ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही असं वाटत होतं.

शाळेतून परत येत होते. नाल्याच्या अलीकडे समोरून एक सायकल आली. वरचा माणूस लांबूनच टुणकन उतरला, सायकल मातीत घेतली, मान खाली घालून उभा राहिला. मी जवळ गेले. तो बा होता!

माझा बाप. माझ्यासाठी उतरला होता!

“बा, अरे मी आहे.”

त्याने वर पाहिलं. हसला. “पांढरी साडी दिसली, सायकल दिसली. मले वाटलं कोणी मोठ्याघरची असंल.”

“मोठ्याघरची असली म्हणून काय झालं? उतरायचं कशाला?”

“मी नाही उतरत व माय. पाय उतरते. समोर गाडी दिसली का पायच खाली जाते.”

हा रस्ता झाला तेव्हा बा खडीच्या गँगवर होता. आजही आहे. या पट्टीखालची खडी त्याने फोडली आहे. मला सायकल त्यानेच शिकवली, याच रस्त्यावर, सुट्टीत. पहिले दोन दिवस नुसतं उतरायला शिकवलं. ‘चढनं कोनालेबी येते. आधी उतरनं शिक.’ तेव्हा वाटलं होतं, मी पडू नये म्हणून.

घरी मायला सांगितलं नाही.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

ठरवलं. यापुढे उतरायचं नाही. मात्र आडमुठेपणाही करायचा नाही. आपण कडेला व्हायचं, हात वर करायचा, वेग कमी करायचा. समोरच्यानेही थोडं सरकावं. अर्धा रस्ता त्याचा, अर्धा माझा. माणुसकीने वागलं तर माणूस माणुसकीने वागतो — यावर माझा विश्वास आहे.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

दोनदा मातीत गेले. कोपर खरचटलं. विश्वास आहे.

मंगळवार, १ डिसेंबर

आज कापसाच्या ट्रकवाल्याने गाडी थांबवली. रोज सकाळी खामगावच्या जिनिंगकडे कापूस भरून जातो तो. नाव इंद्रभान. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन म्हणाला,

“ओ मास्तरीणबाई! तुम्ही हात वर करता ते काय असते? सलाम का शाप?”

मी म्हटलं, “थोडी साइड द्या म्हणते.”

“साइड! मागं पहा जरा. आभाळाएवढा कापूस भरेल हाय. एक चाक खाली गेलं का मी, गाडी आन् कापूस, तिघंबी नाल्यात. मंग तुम्हीच याल फुलं घेऊन.”

हसू आलं. मग म्हटलं, “आणि संध्याकाळी? परत येता तेव्हा तर रिकामे असता. तेव्हाही मीच खाली!”

त्याने डोकं खाजवलं. “हे बरोबर हाय बाप्पा. हे इचारात नव्हतं आलं.” मग म्हणाला, “असं करू. मी भरेल असलो का तुम्ही खाली. मी रिकामा असलो का मी खाली. जमलं?”

“जमलं!”

संध्याकाळी खरंच! समोरून ट्रक आला, डाव्या बाजूची चाकं धडाधड मातीत उतरवली, धूळ उडाली. इंद्रभानने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. मी घंटी वाजवली. कितीतरी दिवसांनी घरापर्यंत गाणं गुणगुणत आले.

गुरुवार, ३ डिसेंबर

रुख्मिणीला उत्तर दिलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — ज्याचं ओझं, त्याची वाट. ज्याच्याजवळ भार जास्त, त्याला रस्ता आधी. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, भरलेली बैलगाडी, भरलेला ट्रक, कडेवर मूल असलेली माय — यांच्यासाठी उतरायचं, आनंदाने उतरायचं. रिकाम्याने भरलेल्याला वाट द्यायची. लहानमोठं, गरीबश्रीमंत काही नाही.

मुलांनी तीन वेळा मोठ्याने म्हटलं. शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले!

रविवार, ६ डिसेंबर

वस्तीत सगळे जमलो. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या. मला बोलायला लावलं. बरं बोलले असावे, कारण माय रडली. पण आमच्या वस्तीतले दोघे सायकलवर आले होते, ते वेशीपाशी उतरून गावातून सायकल ढकलत आले. मी ते पाहिलं. भाषणात त्यावर बोलले नाही.

गुरुवार, १७ डिसेंबर

भाऊरावांची जीप. ते आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. जीप स्वतःच चालवतात. आजवर ती दिसली की मी आधीच कुठेतरी वळत असे — हे इथे तरी कबूल करते. आज वळायला जागा नव्हती. मी कडेला झाले, हात वर केला. जीप मध्येच. तशीच येत राहिली. अगदी शेवटी मी चाक मातीत घातलं, पण उतरले नाही. झोकांड्या खात तोल सावरला.

जीप थांबली. मागे आली.

“कचरूची पोरगी ना तू?”

“हो.”

“मले वाटलं सायकलले ब्रेक नाही.”

आवाज मऊ होता. जीप घेऊन गेले.

मंगळवार, ५ जानेवारी १९६५

फार थकले आहे. पण लिहिते.

रुख्मिणी काल संध्याकाळी शेतातून येत होती. डोक्यावर चाऱ्याचा भारा. समोरून भाऊरावांची जीप. ही डांबरावरून हलली नाही! जीप थांबली. हॉर्न. ही तशीच उभी. भाऊराव म्हणाले, “बाजू हो व पोरी.” तर ही म्हणाली — तिनेच मला आज सकाळी अभिमानाने सांगितलं — “माह्या डोक्शावर भारा हाय. तुमची गाडी तं रिकामी हाय. बाईनं शिकवलं.”

भीती वाटली. आणि खरं सांगू? हसूही आलं. दोन्ही एकदम.

“मग?”

“मंग काय! घेतली त्यायनं गाडी खाली. पन लई लाल झाले होते.”

मधल्या सुट्टीत हेडसरांनी बोलावलं. त्याचं नंतर लिहीन.

शुक्रवार, ८ जानेवारी

हेडसर वाईट नाहीत. घसा खाकरत बोलतात. “तुमचं शिकवणं उत्तम आहे बाई. मुलं तुमच्या तासाला हलत नाहीत. पण तुमची नेमणूक तात्पुरती. कायम करायचा कागद एक तारखेला मंडळापुढे जायचा. भाऊरावांची सही लागते. उतरायला काय जातं हो? दोन मिनिटं. मीसुद्धा उतरतो.”

मी विचारलं, “सर, तुम्ही का उतरता?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “सवय,” म्हणाले.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन भाऊरावांकडे गेले. स्वतःहून. नीट बोलू, समजावून सांगू, म्हणून. शिकलेली माणसं बोलून प्रश्न सोडवतात.

ओसरीवर बसायला खुर्ची दिली. हे आधी सांगते, कारण माझ्या आजाला ओसरीची पायरीही चढता आली नसती. चहा दिला. कप त्यांच्या घरातलाच, इतरांसारखा. मला वाटलं, झालं! माणूस बदलतो!

मी सगळं सांगितलं. ओझ्याचा नियम, ट्रकवाला, सौजन्य. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

“बेटा, तुह्या आजाले मी पाह्यलं हाय. आमच्या घरासमोरून जाये तं चपला हातात घेऊन जाये. मी म्हणतो का तसं? मी चपला घालू देतो. सायकल चालवू देतो. शाळेत शिकवू देतो. आता एवढं सगळं देऊन, समोरून आलो तं फक्त उतर म्हणतो. हे जास्त हाय का?”

उत्तर सुचलं तेव्हा मी नाल्यापर्यंत पोचले होते.

देतो, देतो, देतो!

निघताना त्यांनी आणखी सांगितलं — मुलांनाही सांगायचं, की नियम चुकला. फळ्यावर लिहिला तसा फळ्यावरच पुसायचा. एक तारखेच्या आत. “मंग कागदाचं पाहून घेऊ.”

शनिवार, १६ जानेवारी

मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

“एक पाय भुईले टेकवल्यानं काय होते व? नोकरी गेली तं काय होते ते मले ठाऊक हाय.”

मग भाकरी तव्यावर टाकत, “तुह्या बापानं तुले शिकवलं ते काय असं ऱ्हायासाठी?”

कसं राहण्यासाठी, ते मी विचारलं नाही. उतरून राहण्यासाठी, की न उतरून? तिलाही ठाऊक नसावं. बा दारात बसून सायकलच्या चेनला तेल देत होता.

बुधवार, २० जानेवारी

रोज वाटतं, उद्या उतरेन. मोठी गोष्ट नाही. मोळीवाल्या बायांसाठी रोज उतरतेच की! बनाबाईच्या डोक्यावर तुराट्यांचा भारा असतो, मी लांबूनच सायकल मातीत घेते, ती म्हणते, “जा व मायबाई, तुले उशीर होते.” तेव्हा मला लहान झाल्यासारखं वाटत नाही. तोच पाय, तीच माती.

मग फरक कुठे आहे? मला वाटतं, उतरायचं की नाही हे जिथे मला कुणी विचारतं, तिथे तो मान. जिथे विचारतच नाही —

झोप येते आहे. पुढचं सुचत नाही.

शुक्रवार, २२ जानेवारी

इंद्रभान संध्याकाळी चाकं खाली घालून थांबला. “काय मास्तरीणबाई, दोन रोज झाले बोट वर केलं, घंटी नाही वाजवली. सौदा मोडला काय?”

मी सांगितलं सगळं. त्याने शिट्टी वाजवली. “मले कोणी नोकरीतून काढलं तं काय बी वाटत नाही, बाई. मले तं काढून काढून सवय हाय.” मग गंभीर झाला. “पन तुम्ही उतरल्या तरी माही चाकं खालीच जातील. ते तुमच्यासाठी नाही. पोट्ट्यायनं पाह्यलं हाय.”

मंगळवार, २६ जानेवारी

झेंडावंदन भाऊरावांच्या हस्ते. त्यांच्या भाषणात ‘समता’ हा शब्द आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

गुरुवार, २८ जानेवारी

आज डस्टर हातात घेतलं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ते वाक्य अजून आहे, मुलं रोज त्याच्याखाली बाकीचं पुसतात आणि तेवढं ठेवतात. सगळा वर्ग बघत होता. रुख्मिणी बघत होती. मी खालचं गणित पुसलं आणि बसले.

दोन दिवस उरले.

शनिवार, ३० जानेवारी

सकाळी राजीनामा आणि कपाटाची किल्ली हेडसरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी घसा खाकरला. वर्गात गेले नाही. गेले असते तर रडले असते. फळा तसाच आहे.

परत येताना नाल्यापाशी समोरून बा आला. कॅरियरला दोन घमेली, फावडं, वर पोतंभर खडी. पांढरी साडी दिसली तसा त्याचा पाय हलला. पण त्याच्या आधी मी उतरले होते, सायकल मातीत घेतली होती, कडेला उभी राहिले होते.

बाने घंटी वाजवली. बसूनच गेला.