अण्णांच्या गाडीचे कॅलिपर

नाशिक, २ मार्च २०२५

चि. सायलीस अण्णांचे आशीर्वाद.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू लगेच आईकडे द्या म्हणतेस. दिवाळीत मी नुसतं म्हणालो की ब्रेक नीट लागत नाहीत, तर तू माझ्या लाल गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेकचे चिमटे, ते दोन्ही कॅलिपर, काढून पुण्याला नेलेस. आठवड्यात दुरुस्त करून आणते म्हणाली होतीस. होळी आली! माझी स्पोर्ट्स कार विटांवर उभी आहे आणि शेजारचे शेखरराव गाडी घटी बसवली का, असं विचारून दात काढतात.

तू ब्रेकच्याच कारखान्यात इंजिनीअर. जगाचे ब्रेक करतेस आणि बापाचे दोन होत नाहीत? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. देवळ्याच्या बाजारात जन्म कांद्याच्या धुळीत घालवून हौसेनं घेतलेली ही एकच वस्तू. शुगर झाल्यापासून घरात सगळ्यांनी माझा पेशंट केलाय. त्या स्टिअरिंगमागे बसलो की मी पेशंट नसतो.

पाडव्यापर्यंत कॅलिपर आले नाहीत तर लहानू मिस्त्री दुसरे बसवून देणार आहे.

लोभ आहेच. वाढवायचा का, ते कॅलिपर आल्यावर बघू.
तुझा अण्णा

पुणे, ७ मार्च

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

ओरडा पोचला. सील मिळत नाहीत, पिस्टन गंजलेत. जुन्या गाडीचे पार्ट दुकानात तोरणासारखे टांगलेले नसतात. लहानूभाऊंना गाडीला हात लावू देऊ नका; लावलात तर मी पाडव्यालाच काय, वर्षभर घरी येणार नाही. एवढी कुठे आग लागलीय? रिक्षाने जा. आणि पायाच्या डॉक्टरांकडे जाणार होतात, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

आईला नमस्कार. तुमच्यावर चिडलेली, तरी तुमचीच,
सायली

नाशिक, १ एप्रिल

चि. सायलीस आशीर्वाद. तू पाडव्याला आली नाहीस, तरी देतोय.

लहानूनं कॅलिपर बसवले. नामपूरला मोडीत निघालेल्या तशाच गाडीचे होते. तरीही ब्रेक लागत नाहीत! काल मखमलाबाद नाक्यावर समोर उसाच्या रसाचा गाडा. मी पाय दाबला, पण गाडी गेलीच. गाड्याचं चाक मोडलं. रसवाली मीना बाजूला उडी मारून थोडक्यात वाचली. मी लहानूला तिथंच बोलावून भर चौकात नाही नाही ते बोललो. तर मान खाली घालून म्हणतो, मी स्वतः चालवून पाहिलीय, ब्रेक चांगले आहेत. खोटारडा!

तुझे कॅलिपर येवोत न येवोत, चैत्र पौर्णिमेला तुझ्या आईला शेजारी बसवून मी वणीच्या गडावर जाणार म्हणजे जाणार. घाट मला नवा नाही.

तुझ्या मायेची वाट बघून थकलेला,
अण्णा

पुणे, ४ एप्रिल

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

गडाचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. आता मुकाट्यानं शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या कॅलिपरना काहीही झालेलं नव्हतं. सील चांगले, पिस्टन चांगले. मी खोटं बोलले. दिवाळीत मी स्वतः गाडी चालवली, तेव्हा पाहिजे तिथे थांबली. लहानूभाऊ खरं बोलतायत. दोष गाडीत नाही, तुमच्या पायात आहे.

गेल्या चैत्रात गडावर फरशी एवढी तापली होती की आई आणि मी उड्या मारत सावलीत पळालो. तुम्ही मात्र अनवाणी, हात जोडून, सावकाश चालत होतात. बाया म्हणाल्या, काय भक्ती आहे! घरी आल्यावर तळव्याला हे मोठे फोड, आणि तुम्ही म्हणालात बूट चावला. शुगरनं तुमचे पाय बधिर झालेत, अण्णा. पेडल किती दाबलं ते तुम्हाला कळतच नाही.

चावी मागितली असती तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. म्हणून लोखंड पळवलं. मीनाताई वाचल्या. घाटात आई वाचणार नाही. बसा आता माझ्यावर रागावून, पण घरी बसा.

माया तुटू देऊ नका एवढंच मागते.
सायली

नाशिक, ९ एप्रिल

चि. सायलीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी धुसफुसत होतो. बापाला थापा मारून विटांवर ठेवलंस, हा राग मला मरेपर्यंत पुरेल. तोंडावर सांगायचं होतंस! मी ओरडलो असतो, आणखी काय केलं असतं? तुझ्या थापांपायी मी एका भल्या माणसाला चौकात खोटारडा म्हणालो. काल त्याच्या गॅरेजात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, चूक माझी होती असं सांगून आलो. रिक्षानं गेलो होतो. गाडीची चावी त्याच्याकडेच ठेवलीय. पौर्णिमेला तू ये, चावी घे आणि आम्हाला गडावर ने.

तुझं मला लगेच पटलं असं समजू नकोस. उलट मी तुझ्या आईवरच डाफरलो. तिनं मला पलंगावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि कुठला पाय धरलाय ते ओळखायला सांगितलं. मी बराच वेळ थांबलो. शेवटी चिडून म्हणालो की आधी धर तरी. आणि डोळे उघडले.

ती माझे दोन्ही पाय घट्ट धरून रडत होती.

राग ठेवून, लोभासह,
तुझा अण्णा