कपाळाशी हात नेलेला फोटो

बाबा, तुमचा फोटो मागायला आज आपल्या चर्चचे नवे पाळक मुखेडहून लातूरला माझ्या घरी आले, म्हणून हे लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांतली मी नाही. चर्चची नवी इमारत झाली आहे. मंडळीतल्या कुणा म्हाताऱ्याला तुमचा तो लढाईतला फोटो आठवला आणि तो मोठा करून दारातच लावायचा, असं कमिटीनं ठरवलं. वर्दी, पट्टा, उजवा हात कपाळाशी. खाली लिहिणार: पाळक, सुतार आणि सैनिक. हे पाळक तरुण आहेत, सज्जन आहेत. म्हणाले, "बाई, आत येणाऱ्या प्रत्येकाला साहेब सलामी देतायत असं वाटेल."

मला तो बाजाराचा दिवस आठवला. निजामाचं राज्य होतं. तुम्ही चर्चमागच्या लिंबाखाली एका कुणब्याची तिफण दुरुस्त करताय. पेरणी तोंडावर आलेली, तो शेजारी उकिडवा बसून राहिलाय आणि मी ढलप्या गोळा करतेय. पोलिसांचा अमीन घोड्यावरून येतो. कुणबी उठून कमरेत वाकतो. तुम्ही म्हणता, "सलाम, साहेब." आपण ख्रिस्ती माणसं सगळ्यांनाच सलाम म्हणतो, गुराख्यालासुद्धा. पण तुमचा हात रंध्यावरून हलत नाही.

"फौजी होके हात नै उठाता?"

"हात कामात हाय साहेब, तोंड रिकामं हाय. तोंडानं केला की."

कुणबी फसकन हसला आणि तेवढ्यानं सगळं बिघडलं. हात वर होईल तेव्हाच सुटका, असं सांगून अमीनानं तुम्हाला चावडीवर नेऊन बसवलं. दुपारी आई भाकरी घेऊन आली, तिच्यामागं मी.

"अहो, एकदा उचला की. झिजन का हात? त्या माणसाची पेरणी खोळंबून राहिली, लेकरू भिऊन राहिलं."

पहिल्या महायुद्धातल्या त्या बसऱ्याच्या लढाईबद्दल तुम्ही घरात कधी बोलत नव्हता. त्या दिवशी भाकरी मोडता मोडता बोललात. "तिथं माझ्या हातात बंदूक कमी अन् करवत जास्त होती. मेलेल्यांच्या पेट्या मीच करायचो. पेटी मातीत उतरली की हात वर करायचा. आपल्याकडचे पोरं होते त्यात. आता त्योच हात जित्या माणसाला कसा करू? करायला गेलो की समोरचा मला पेटीत दिसतो. ह्यो अमीन बी दिसंल."

"मग दिसू द्या की मेल्याला!" आई म्हणाली.

तुम्ही हसलात, चावडीवरचा शिपाईही हसला. त्यानं अमीनाला काय सांगितलं कोण जाणे, पण दिवेलागणीच्या आधी तुम्हाला सोडलं. तुम्ही घरी न येता थेट तिफणीकडं गेलात. हात तेवढा वर केला नाहीत.

पुढं कॉलेजात मी त्या लढाईवर पेपर लिहिले, चांगले मार्क मिळवले. सलामीचा असा अर्थ लावणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. फोटो लागला असता तर तुम्ही दारात उभे राहून नव्या नवरीला, बाप्तिस्म्याला आणलेल्या बाळाला तो हात केला असतात. हे पाळकांना समजावता आलं असतं. पण ते म्हणाले असते, "किती छान गोष्ट आहे, तीही खाली लिहू." आणि लिहिलीही असती.

हे पत्र कपाटात त्या फोटोखाली जाईल. पाळकांच्या हाती दिलं ते असं: मोठा रंधा, करवत, दोन पटाश्या आणि फितीसकट पदक. फोटो वाळवीनं खाल्ला, असं सांगितलं. त्यांनी लगेच मानलं. तुमची मुलगी खोटं बोलल्याचं मुखेडात कुणाच्या ऐकिवात नाही.