एक्केचाळीस हरण्या

३ ऑगस्ट २०२५, रविवार

डोकं फिरलंय! जळकोटचा तो शरणप्पा आज ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहितो काय — 'ताई, खिंडीत आमी पाच जण भेटलो. पाची घोडे काळे, पाची उमदे, पाची फुरफुरतात. माझा कुठला म्हणायचा?'

एक्केचाळीस खेळाडू, अन् एकानंही हसायचं सोडलं नाही! कळंबच्या टायपिंग क्लासवर शिकवून आले की रोज बसून मी वर्षभर हा खेळ लिहिला. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. 'खिंडीत जा' असं टाइप करायचं अन् पुढं काय दिसतं ते वाचायचं. अन् घोड्यासाठी मी लिहिलंय एकच वाक्य. एक!

तणतणत जेवणावरून उठले. मोरीत हात धुताना मलाच हसू फुटलं. खरंच की, पाची फुरफुरतात.

५ ऑगस्ट

ठरलं. पोळ्याच्या आत ज्याचं वाहन त्यानं सजवायचं. करूनच दाखवते!

९ ऑगस्ट, शनिवार

शरणप्पाला घोडाच नको. 'मला बैल द्या ताई. आमची बैलांची कारहुणवी जूनलाच झाली, पर तुमच्या पोळ्याला अजून एकदा सजवतो की!' दिला बैल. घे बाबा.

रंग, झूल, गोंडे, घुंगरमाळ हे निवडायचं. शेवटी एक मोकळी चौकट ठेवलीय — 'खूण'. तिथं मनाला येईल ते लिहा म्हटलं. शिवकांतानं सांडणीला नथ घातली! उमाशंकरच्या घोड्याला 'गणिताच्या सरांसारख्या भुवया'. हसून हसून पोट दुखलं. आई म्हणाली, 'काय गं, येड लागलं का?' लागलंय!

१३ ऑगस्ट

बैल काही जमेना. मी लिहिलं, 'पांढराशुभ्र, डौलदार.' वाचलं अन् लाज वाटली. हा काय बैल झाला? कॅलेंडरवरचं चित्र झालं.

आबांना विचारावं तर मला लेकीलाही भीती. दोन वर्षांपूर्वी आमच्या हरण्या बैलाचा जोडीदार गेला, ट्रॅक्टर आला, अन् आबांनी हरण्याला बाजारात विकला. व्यापाऱ्यानं तो पुढं कुणाला दिला, कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून आबा त्याचं नाव काढत नाहीत. पोळ्याला सकाळीच घराबाहेर पडतात ते दिवेलागणीला येतात. पुरणपोळीला शिवत नाहीत. यंदा त्यांनी घरी थांबावं, आईच्या हातची पोळी खावी — मला दुसरं काही नको.

शेवटी विचारलंच. 'आबा, हरण्या कसा होता ओ? खेळात लिहायचाय.'

आबांनी सुपारी कातरायला घेतली. मला वाटलं, आता ओरडतात. मग एकदम सुरू झाले! 'जात देवणी, त्यातला वानेरा. अंग पांढरं, तोंडाच्या दोनी बाजू काळ्या. उजवं शिंग टोकाला आत वळल्यालं. शेपटीच्या काळ्या गोंड्यात एक पांढरी बट. पानी प्यायच्या आधी फुंकर मारायचा. शिंगाला माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हवता.'

मी भराभर लिहून घेतलं. आईची भाकरी तव्यावर करपली, तिला पत्ताच नाही.

१४ ऑगस्ट

सकाळी चहा घेताना आबा आपणहून म्हणाले, 'कानाची चीर लिहिलीस का? डावा कान. उजवा लिहू नगं.' आपणहून!!

१७ ऑगस्ट, रविवार

घात झाला. सगळ्यांची सजावट आज खेळात चालू केली, पण चाचणीपुरता घातलेला हरण्या काढायचा राहिला. सगळ्यांची वाहनं पुसली अन् प्रत्येकाकडं हरण्या! शिवकांता विचारते, 'ताई, माझी सांडणी मेली का?' खिंडीत एक्केचाळीस हरण्या, एक्केचाळीस डाव्या कानांना चिरा, सगळे मिळून ओढ्याच्या पाण्यावर फुंकर मारतायत!

पाची घोडे काळे म्हणणाऱ्या शरणप्पाला आता काय तोंड दाखवू? पण तोच म्हणतो, 'ऱ्हाऊ द्या ताई दोन दिवस. लई भारी बैल हाय.' बाकीचेही 'व्हय व्हय' करायला लागले. आबांना सांगितलं तर ते तोंड फिरवून हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

१८ ऑगस्ट

येरमाळ्याचा अमरनाथ. खेळात कधी दोन शब्द बोलत नाही. आज त्याचा निरोप — 'ताई, तुम्ही आमच्या मामाचा बैल कुठं बघितला? शिंग तेच, चीर तीच, शेपटीची बट तीच. फुंकर बी मारतो. मामानं दोन वर्षांमागं व्यापाऱ्याकडनं घेतलाय.'

निरोप तीनदा वाचला.

१९ ऑगस्ट

सांगू का नको? दुसराच निघाला तर आबांचं काय होईल? संध्याकाळी सांगून टाकलं.

आबांनी भाकरी संपवली. ताटात हात धुतला. 'असंल एखादा तसला,' म्हणाले अन् बाहेर गेले. माझं चुकलंच. कशाला आशा लावली?

२१ ऑगस्ट

आज खांदेमळण. गावभर बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळतायत. दुपारपासून आबांचा पत्ता नाही. आईच्या फडताळातली लोण्याची वाटी पण नाही!

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

यंदाही आबा पोळ्याला घरी नाहीत. कालच्या एस.टी.नं येरमाळ्याला गेले, मुक्कामाला अमरनाथच्या मामाकडं. आत्ता फोन आला. मागं घुंगरमाळा वाजत होत्या. 'राजे, शिंगं रंगवू दिली गं त्यानं मला! अन् आईला सांग, हितं चार पोळ्या खाल्ल्या.'