विलायती सुरीची विळी

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ४ ऑक्टोबर १९३४

चिरंजीव महिपती यास,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल; नसेल तर मुंबईच्या डॉक्टरांचा नाद सोड आणि आल्याचा काढा घे. इकडे माझे गुडघे सोडले तर सारे ठीक.

तू विलायतेहून आणलेल्या न गंजणाऱ्या सुरीवर तांबूस डाग पडले असे मी कळवले, आणि तू थेट कंपनीशी भांडलास. 'सुरी विस्तवात घातली होती काय?' असे त्यांनी विचारताच 'माझी बहीण कॉन्व्हेंटात शिकली आहे' असे बाणेदार उत्तर दिलेस. आता ते सुरी तपासायला मागतात. बाळ, सुरी नाही. विळी आहे.

असे बघ, उभ्याने चिरणे मला जमेना. (सिस्टरांनी काट्याचमच्याने जेवायला शिकवले, पण काकडी चिरायला आईनेच, तीही विळीवर; तू समोर बसून फोडी पळवायचास.) म्हणून भवानी पेठेतल्या मायाप्पा लोहाराला म्हटले, या सुरीला बाक दे आणि पाटावर बसव. "लोखंडच हाय की अक्का, वाकंल," म्हणाला. त्याने ती लाल केली, वाकवली आणि राखेत सावकाश निवू दिली. विळी झाली देखणी! पण लिंबू चिरले की डाग, आणि धार दुधी भोपळ्यापुढेही हरायची. (तक्रार लिहिताना एवढा मजकूर तेवढा राहून गेला.)

कंपनीचा प्रश्न ऐकून मायाप्पा ओशाळला. "राखंनं मऊ पडली जणू. परत तापवून तेलात बुडवतो." या वेळी पार पिवळी होईतो तापवली, बुडवली, घासली. काय सांगू, लिंबालाही दाद देईना! पण खोबऱ्याची वाटी चिरताना टोक काचेसारखे उडाले. "लई कडक झाली. जरा शेकायची राहिली की," हे त्याला मागाहून सुचले. मग मंद आचेवर शेकली. आता झकास चालते. आचेनेच बिघडली, आचेनेच सुधारली. कंपनी बिचारी निर्दोष, आणि तू माझ्यासाठी भांडून बसलास याचे मला फार वाईट वाटते रे. भाऊबीजेला ये, रागावून का होईना. काकडी तुझ्यासमोर चिरीन.

तुझी,
अक्का

ता. क. कंपनीसाठी माफीचे इंग्रजी पत्र वळणदार अक्षरात लिहून सोबत ठेवले आहे. सुरी तू विस्तवात घातलीस असे त्यात म्हटले आहे. (कॉन्व्हेंटची अब्रू राहायला हवी.) फक्त सही कर.

आणखी ता. क. सही करताना शेवटची ओळ वाचू नकोस. तिथे अजून एक सुरी मागवली आहे. शेजारच्या शांतम्माला माझी विळी फार आवडली.