तळ कोरडा होता

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकलं असशील तर टाक, पण चुलीत घालू नकोस. बावीस वर्षांनी लिहितेय, तेही पाचवी शिकलेल्या हाताने, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. तब्येत बरी आहे. गुडघे गेलेत, निम्मे दात गेलेत, जीभ आहे तिथेच आहे. झालं खुशालीचं. आता कामाचं. अण्णांची मोटारबोट मी दुरुस्त करायला काढलीय. माणूस लावून नाही, मी स्वतः. सत्तराव्या वर्षी ताईच्या डोक्यात काय भरलंय म्हणून हसायचं असेल तर हसून घे.

भरवलंय तुझ्या लेकीनं. तुला न सांगता आली होती, तिला ओरडायचं नाही. दारात उभी, चपलासुद्धा काढल्या नाहीत, आणि म्हणते, आत्या, बोट आहे ना अजून? म्हटलं, आहे, शेडमध्ये पडलीय, उंदरांची बाळंतपणं करतेय. तर म्हणते, मला चालवायला शिकायचीय, पण घरी पाण्याचा विषय काढला की बाबा ताटावरून उठतात. एकदाच बोललास म्हणे, की ज्या हातांनी मी माझ्या बापाला बुडवलं त्या हातांनी लेकीला बोटीत बसवू? हे ऐकून मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. म्हटलं, आला एकदाचा कबुलीवर. तिला चहा दिला, आणि म्हटलं, बोट पाण्यात उतरायच्या लायकीची करते, मग तुझ्या बापाला कसं मनवायचं ते तुझं तू बघ.

शेडचं दार उघडलं आणि तिथेच ओकारी आली. काय वास रे! मेलेलं जनावर, जुनं ऑइल आणि साचलेलं पाणी असं सगळं एकात एक कुजलेलं. ताडपत्री ओढली तर हातात तुकडे आले, आणि तिच्याखालून उंदराचं अख्खं खानदान माझ्या पायावरून गेलं. सीटच्या गाद्या फाडून त्यांनी आत संसार मांडलेला. त्या गाद्या मी चिमट्याने उचलल्या, तरी हाताचा वास दोन दिवस गेला नाही, जेवताना चमच्याने जेवले. इंजिनावर गंजाचे पापुद्रे, टाकीत पेट्रोलचा गूळ झालेला, काळा, चिकट, आणि त्यात एक पाल. पालीचं मला काही नाही, पण ती टाकी मी साफ केली आहे हे लक्षात ठेव. शेडचं छप्पर नेमकं बोटीवर गळत होतं, इतकी वर्षं. दुसरीकडे गळलं असतं तर काय बिघडलं असतं?

वर पुन्हा शहाण्यांचा ताप. हार्डवेअरच्या दुकानात गेले तर तो पोरगेला मालक म्हणतो, आजी, आधी हे लावा, मग चोवीस तास थांबा, मग ते लावा, मग मास्क घाला, मग हे तिसरं. सात डबे काउंटरवर मांडले. म्हटलं, बाबा रे, मला बोट रंगवायचीय, नवरी नाही सजवायची. एक प्रायमर, एक रंग, पॉलिश पेपर दे आणि मोकळा हो. तुझी लेक मोबाइलवर व्हिडिओ दाखवायची, त्यात एक स्वच्छ शर्टातला माणूस तासभर बोलतो आणि मग एक स्क्रू काढतो. असल्या माणसाला मी शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नसतं. मी आपली जुनी पटाशी, हातोडी आणि पक्कड घेऊन बसले. तुला माहीत आहे, मला नखरे जमत नाहीत. काम दिसलं की करायचं आणि हात धुवायचे. या स्वभावाचा मला फार अभिमान होता. पुढे वाच.

मागचा अर्धा भाग खणखणीत निघाला. इंजिनाखालचं लाकूड पटाशीने ठोकलं तर घंटेसारखं वाजलं. पायाखालच्या फळ्या उचलत पुढे सरकले तसा आवाज बदलला, मग आवाजच येईना. नाकाकडच्या तीन खणांत लाकूड नव्हतंच, चिखल होता. पटाशी लोण्यात जावी तशी गेली. आत काळं, बुळबुळीत, वर पांढरी बुरशी, आणि वास असा की मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला कळेना, एकाच झाडाचं लाकूड, एकाच छपराखाली, मागे दगड आणि पुढे शेण कसं?

गल्लीतले सुतारमामा आठवतात ना, निवृत्त झालेत, आता खोक्यावर बसून फक्त दुसऱ्यांच्या कामात चुका काढतात. त्यांना बोलावलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, अहो, पाण्याला वाट कुठे ठेवलीय? बोटीच्या तळाला आडव्या फासळ्या असतात, प्रत्येक फासळीच्या बुडाशी करंगळीएवढं भोक असतं. पुढे कुठे थेंब आत आला तरी त्या भोकांमधून वाहत वाहत मागच्या खळग्यात यायचा, मग तिथून उपसायचा. तुमच्या वडिलांनी भोकं पाडली होती नीट, पण कुणीतरी महाभागाने एकूण एक बुजवलीयत. त्यामुळे पुढचं पाणी पुढेच कोंडून राहिलं. आणि हसले. म्हणाले, हे अडाण्याचं काम नाही, हे घाईतल्या माणसाचं काम आहे, अडाणी निदान विचारतो.

मी मामांच्या हो ला हो केलं. दोन दिवस मी त्या महाभागाचा उद्धार करत होते. शेडमध्ये एकटी बसून, मोठ्याने. आणि तो महाभाग कोण, हे माझ्या मनात ठरलेलंच होतं. तू. दुसरं कोण? मी कागद घेऊन बसलेसुद्धा. त्या पत्रात मी तुला असं काही लिहिलं होतं की तू ते वाचून खरंच चुलीत घातलं असतंस. बरं झालं, शाई संपली.

तिसऱ्या दिवशी भोकं मोकळी करायला बसले. पटाशीची धार लावून पुट्टी खरवडायला घेतली. वरचा करडा रंग निघाला आणि आतून पुट्टी निळी निघाली. पुट्टी पांढरी असते. निळी कधी असते? त्यात कुणीतरी उरलेला निळा रंग कालवलेला असला तर. आणि तो निळा मी कुठेही ओळखीन, कारण स्वयंपाकघरातल्या फडताळाला मी तोच दिला होता, अजून आहे, आत्ता लिहिताना समोर दिसतोय. पुट्टी घट्ट झाली होती, थिनर संपलं होतं, दुकानात कोण जाणार, म्हणून डब्यातला उरलेला रंग ओतून सैल केली. असली अक्कल आपल्या घरात एकटीकडेच होती.

मग सगळं आठवलं. त्या वर्षी अण्णांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून तळ खरवडून रंगवायचं काम मी घेतलं. तू इंजिनाचा सुटा भाग आणायला चार दिवस बाहेरगावी. त्या भोकांमधून एक बारीक पितळी साखळी ओवलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाळ अडकला की ती ओढायची, भोकं साफ व्हायची. हे मला आत्ता मामांनी सांगितलं. तेव्हा मला फक्त कचरा दिसला. हिरवी पडलेली, शेवाळ लागलेली साखळी, आणि लाकडाला पडलेली भोकं. म्हटलं, म्हाताऱ्याने काय भंगार ओवून ठेवलंय! साखळी ओढून काढली, भंगारवाल्याला दिली. भोकं गच्च भरली, अंगठ्याने दाबून दाबून. वर रंग फासला. अण्णांना जे काम आठ दिवस पुरायचं ते मी दोन दिवसांत उरकलं, आणि संध्याकाळी तुमच्या दोघांपुढे मिरवलंही. तुम्ही दोघं शाबास म्हणालात. फळ्या लागलेल्या होत्या, खाली कोण बघणार.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला एकदा लिहूनच काढू दे. अण्णांना पलीकडच्या काठाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्यांना वारा लागू नये म्हणून तू त्यांना पुढे, टपाखाली बसवलंस. नाकाकडच्या एका सांध्यातून पाणी झिरपत होतं, ते दरवर्षीच थोडं झिरपायचं, अण्णा म्हणायचेच, लाकूड आहे, घाम येणार. पण त्या वर्षी त्याला मागे यायला वाट नव्हती. मधल्या पाण्यात लाट आली, सगळं साचलेलं पाणी नाकाकडे धावलं आणि बोट डोकं खाली घालून गेली. दुसरी बोट येईपर्यंत अर्धा तास तू अण्णांना पाण्यावर धरून ठेवलंस. आणि तुम्हा दोघांना धक्क्यावर ओढून घेतलं तेव्हा मी काय केलं? टॉवेल नाही दिला. सगळ्यांसमोर किंचाळले की हा आळशी, हा तळ न बघता निघाला, याने बापाला बुडवलं. तू ओल्या कपड्यात एवढंच म्हणत होतास की ताई, मी पाहिलं, तळ कोरडा होता. आणि मी म्हटलं, खोटारड्या, कोरडा होता तर बुडली कशाने? लोक मान हलवत होते. माझ्या बाजूने. बोट नंतर लोकांनी ओढून काठाला आणली, ती तशीच शेडमध्ये टाकली. तीन महिन्यांनी अण्णा छातीच्या दुखण्याने गेले आणि तू तेराव्या दिवसाचीही वाट न बघता गाव सोडलंस.

तळ कोरडा होता, धाकट्या. तू मागचा खळगा पाहिलास, जिथे पाहायचं असतं तिथेच पाहिलंस, आणि तो कोरडाच असणार होता, कारण पाणी मी पुढे कोंडून ठेवलं होतं. तू खरं बोलत होतास. बावीस वर्षं तू खरा होतास आणि बावीस वर्षांत तुझं तुलाच ते खरं वाटेनासं झालं, हे मला तुझ्या लेकीच्या तोंडून कळलं आणि मला बरं वाटलं. बरं! उंदरांच्या गाद्या, पाल, तो काळा चिखल, सगळ्याची किळस येऊन गेली. हात धुतले, गेली. ही जात नाही. आरशात तोंड बघवत नाही, वेणी भिंतीकडे तोंड करून घालते.

आता तू म्हणशील, ताईने चूक केली, अजाणता केली, म्हातारी झालीय, जाऊ दे. तुझा स्वभाव तसाच आहे, म्हणून घाईने सांगते, जाऊ देऊ नकोस. पुट्टीसाठी मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. पुट्टी अजाणता होती. हे पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी आहे, जी मी जाणूनबुजून केली. अण्णा जायच्या आदल्या आठवड्यात, तू औषध आणायला खाली गेला होतास तेव्हा, त्यांनी मला जवळ बोलावलं. धाप लागत होती, तरी नीट, सावकाश म्हणाले, त्याला बोल लावू नकोस, निघायच्या आधी त्याने दोनदा वाकून तळ पाहिला, मी बघत होतो, मग मला शाल पांघरली आणि तिसऱ्यांदा पाहिला, आणि त्याला सांग की मला भीती वाटली नाही, त्याने मला घट्ट धरलं होतं. मी मान हलवली. तू औषध घेऊन वर आलास, आणि मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारा लाडक्याची बाजू घेतोय. आणि सांगितलं असतं तर धक्क्यावर एवढं ओरडले ते सगळं गिळावं लागलं असतं. त्या दिवशी नाही, ते गेले त्या दिवशी नाही, तू पिशवी उचललीस तेव्हाही नाही. माफ कर असं मी लिहिणार नाही, तेवढं तोंड नाही मला. हे पत्र पेटीत टाकते आणि तशीच धक्क्यावर जाते, जिथे ओरडले होते तिथे उभी राहून जो कुणी जुना उरला असेल त्याला खरं सांगते. लेकीला बोटीत बसवायचं की नाही ते तू ठरव, पण तुझ्या हातांना घाबरून ठरवू नकोस. त्या हातांबद्दल तुझ्या बापाचं शेवटचं बोलणं तुझ्यासाठी होतं, आणि ते मी बावीस वर्षं तुझ्यापासून लपवलं. आता ते तुझ्याकडे पोचलं.

तुझीच,
ताई